काटा पडायला हवा

घोरपडी यार्डात, पिट लाइन तीनवर,
रात्री दोनला गाडीत हवा भरत असते.
अठरा डबे, दोन नळ्या:
हिरवी पाचाची, पांढरी सहाची.
डब्याडब्याखालच्या टाक्या पोट भरून घेतात
आणि ब्रेकचे ब्लॉक चाकांवरून मागे सरतात,
ठक्, जरा थांबून ठक्,
पंगत उठावी तसे.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात
मी शांतवन भांबळांना विचारलं होतं,
हवा भरली की ब्रेक सुटतो
आणि हवा गेली की लागतो,
हे उलटं नाही का?
ते चिंधीने बोटं पुसत राहिले.
मग म्हणाले, उलटंच आहे.
मुद्दाम उलटं केलंय.

त्यांचे आजोबा ब्रेक्समन होते.
घाट उतरताना गाडीत जागोजागी ब्रेकव्हॅन,
प्रत्येकीत एक माणूस,
इंजिनाची शिट्टी ऐकून हाताने चाक आवळणारा.
वारा उलटा असला
की मागच्यापर्यंत शिट्टी पोचायची नाही.
मग तिकडे परदेशात कुणी नळीतून हवा पाठवली.
आधी सरळ हिशेब: हवा आली की चाक दाबायचं.
पण डबे तुटले, नळी फाटली
की हवाही गेली, ब्रेकही गेला.
तेव्हा कुणीतरी डोकं फिरवलं:
नळीतल्या हवेने ब्रेक लावायचाच नाही,
नुसता आवरून धरायचा.
नळी तुटली तर तुटू दे,
प्रत्येक डबा आपापल्या टाकीतल्या शिदोरीवर
आपला आपण थांबेल.

भांबळ लागले तेव्हा आपल्याकडे पोकळी होती,
पाऱ्याच्या सेंटिमीटरांत मोजायची.
अजूनही घाईत म्हणतात, व्हॅक्यूम बघ गं.

त्या रात्री नवव्या डब्यापाशी
हिरवी नळी सुसकारत होती.
दोन्ही बाजूंचे कॉक मी बंद केले,
जोड सोडवला, जुनं रबर काढलं,
खिशातलं नवं बसवलं, जोड घट्ट केला.
सुसकारा थांबला.
शाबास, मी मलाच म्हटलं.

मग तपासणी.
ड्रायव्हरने पाचातला एक उतरवला.
वॉकीटॉकीवर मागून गार्ड तांबे:
चार पॉइंट आठ. काटा पक्का, जराही हलत नाही.
मी कागदावर लिहायला पेन काढलं.

हलत नाही? भांबळ म्हणाले.
मग बरं नाही.

कंबर धरून ते मागून पुढे निघाले, बॅटरी खाली रोखून,
मी त्यांच्या मागे.
अठरा ते दहा: ब्लॉक चाकांपासून बोटभर दूर,
नऊपासून पुढचे सगळे चिकटलेले.
मधे जोड, आणि जोडाच्या मागच्या अंगाला
हिरवी दांडी, नळीवर आडवी.
पुढची मी उघडली होती.
ही राहिली होती.
नऊ डबे, अडकून पडलेल्या हवेवर खुशाल,
ड्रायव्हरचा शब्द न ऐकणारे,
आणि लोणावळ्यानंतर उतार.

मला वाटलं आता बोलतील.
त्यांनी बाजूला होऊन जागा दिली.
मी दांडी नळीच्या रेषेत आणली.
मागून एकेक डबा ठक्कन लागत गेला.
तांब्यांचा आवाज आला,
पडला, पडला, तीन पॉइंट आठ.
भांबळांनी घड्याळ पाहून वेळ लिहिली,
कारणाच्या रकान्यात फक्त 'कॉक',
आणि कागद सहीसाठी माझ्यापुढे धरला.
माझी सही थोडी वाकडी आली.
गाडी अकरा मिनिटं उशिरा सुटली,
त्याचा जबाब मात्र त्यांनीच दिला.

आता ते नाहीत यार्डात. मुंढव्याला मुलाकडे असतात.
नव्या पोरांना मी सांगते,
चांगला काटा बघून खूश होऊ नका,
आधी पाडून बघा.

घरी वानवडीला, ओट्याखाली,
गॅसची दांडी नळीवर आडवी असली
की सगळं ठीक. निवांत झोपावं.
मला हे माहीत आहे.
तरी उठते,
आणि आडवी दांडी बघून
पोटात एकदा गोळा येतोच.